संजीवनीकडे ठेवलेलं पोतं

सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या त्या ब्लॉकमधल्या मराठी घरांत कुणी भारतात जायला निघालं, की बॅगा भरण्याआधी एक फेरी संजीवनीच्या दारात व्हायचीच. कुणी फ्लॅटची किल्ली आणून द्यायचं, कुणी कढीपत्त्याची कुंडी, कुणी सासूबाईंनी घातलेल्या लोणच्याची बरणी. एका नव्या लग्नाच्या पोरीनं तर मंगळसूत्रच ठेवून दिलं होतं, ऑफिसच्या सहलीला जाताना. संजीवनीकडे ठेवलं म्हणजे ठेवलं! कुंडी परत मिळायची ती दोन फांद्या जास्त घेऊन, आणि लोणच्यावर बुरशीचा ठिपका दिसेल तर शपथ.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण सांगलीत बी.कॉम. झालेली, बँकेत चिकटायच्या बेतात असलेली बाई नवऱ्याच्या मागून डिपेंडंट पासवर इथे येते, नवरा सकाळी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात गेला की संध्याकाळपर्यंत घर खायला उठतं, आणि पोटची मुलगी चौदाव्या वर्षी तिच्याशी इंग्रजीत भांडते, तेव्हा त्या बाईला धरायला काहीतरी लागतं की नाही? संजीवनीनं हे धरलं होतं. लोक आपल्याकडे विश्वासानं वस्तू ठेवतात आणि आपण त्या जपतो. तेवढ्यावर तिची मान ताठ होती.

आणि धान्य! सिंगापूरची हवा इतकी दमट की कपाटातल्या चामडी चपलांना हिरवी लव येते. पण संजीवनीच्या तांदळात पोरकिडा दाखवा आणि बक्षीस घ्या. सांगलीहून येताना बोरिक पावडरचं पाकीट तिच्या बॅगेत असायचंच. महिन्याचं सामान आलं की परातीत डाळ-तांदूळ ओतायचे, पावडर शिंपडायची, दोन्ही हातांनी चोळायची आणि डबे भरायचे. शिजवताना तीन पाण्यांनी धुतलं की झालं. तिच्या आईनं जन्मभर तसंच केलं होतं. नवरा, दिलीप, दर वेळी ओरडायचा, "अगं, विमानतळावर ही पांढरी पूड बघून एक दिवस मला आत टाकतील!" ती म्हणायची, "टाकू देत. किडे खाण्यापेक्षा बरं."

त्यांच्या फ्लॅटची एक खोली गार्गीला भाड्यानं दिली होती. गार्गी पुण्याची, विद्यापीठात मातीवर संशोधन करणारी, बोलायला लागली की थांबायची नाही. कामासाठी ती वरचेवर सुमात्राच्या डोंगरातल्या एका गावी जायची. तिथे घराघराची कॉफीची चिमूटभर बाग, मोठ्या झाडांच्या सावलीत. खत म्हणजे पालापाचोळा आणि बकऱ्यांच्या लेंड्या, औषधाचा थेंब नाही. त्या सगळ्या घरांनी मिळून सेंद्रियचा एकच शिक्का मिळवला होता. "पण काकू, त्यात मेख अशी आहे," गार्गी जेवताना सांगायची, "की एकानं जरी काही मारलं ना, तरी शिक्का सगळ्यांचा जातो."

गावात ती इबू सुमार्नीकडे उतरायची. इबू म्हणजे आई. विधवा बाई, पोरं लांब शहरात, एकटी बाग बघायची. गार्गीला रोज गरम भात वाढायची. एकदा तिनं ताडाच्या गुळाची ढेप पाठवली होती, 'तुझ्या सिंगापूरच्या आईला दे' म्हणून. संजीवनीनं उलट टपाली डिंकाचे लाडू पाठवले. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण संजीवनी आल्यागेल्याला त्या गुळाचा चहा पाजून "आमच्या सुमार्नीबाईंकडचा हो" म्हणून सांगायची.

दोन हजार चौदाच्या चिनी नववर्षाच्या तोंडावर गार्गी गावाहून आली ती काखेत एक लहानसं पोतं घेऊन. नव्या हंगामाचे कच्चे दाणे होते, हिरवट निळसर. इथली कॉफी भाजणारी एक छोटी भट्टी हा नमुना बघणार होती. पसंत पडला तर गावाची सगळी कॉफी चांगल्या भावानं तीच उचलणार होती. पण सणामुळे भट्टी बंद, आणि गार्गीला चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला पळायचं होतं.

"काकू, तुमच्याकडे ठेवते. जपाल ना?"

"हे काय विचारणं झालं?" संजीवनी जरा रागावूनच म्हणाली.

आणि तिनं जपलं. फार जपलं. दुसऱ्या दिवशी पोत्याचं तोंड सोडून बघितलं तर वरच एक किडा चालत होता. कॉफीतला की आणखी कुठला, देव जाणे. तिच्या अंगावर काटा आला. परक्याची वस्तू, आपल्या घरात, आणि किडा? तिनं परात आणि बोरिक पावडरचा पांढरा डबा काढला. मुलगी, शिवांगी, ओट्याशी कॉर्नफ्लेक्स खात उभी होती. "मम्मी, डोन्ट टच लाह, इट्स नॉट युअर्स," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "तुला काय कळतंय?" असं म्हणत संजीवनीनं दाणा न् दाणा चोळून काढला. गार्गी आली की 'आधी धुऊन घे गं' एवढं सांगायचं तिनं मनाशी ठरवलं.

गार्गी आली ती विमानतळावरून धापा टाकत. भट्टीवाल्यानं लगेच बोलावलं होतं. संजीवनी अंघोळीत होती. "काकू, पोतं नेते हां!" एवढं बाहेरून ओरडून ती पसार झाली. संजीवनीला नंतर आठवलं, पण त्यात काय, तिला वाटलं, धुणारच ना! कच्चे दाणे कुणी न धुता भाजतं का?

भाजतात. कॉफीचे दाणे कुणी धूत नाही. त्यातून तिथल्या माणसाला दाण्यांच्या खाचेत पांढरं काहीतरी दिसलं आणि त्यानं नमुना तपासायला पाठवला.

पुढच्या आठवड्यात गार्गी विद्यापीठातून आली ती दारातच मटकन बसली. "काकू, बोरॉन निघालं. भरपूर. कुणीतरी बोरॅक्स वापरलंय!" कॉफीच्या झाडाला बोरॉन कमी पडलं की पानं वाकडी होतात, म्हणून लोक बोरॅक्स, म्हणजे बोरिक पावडरच्याच जातीची पूड, फवारतात, पण सेंद्रियच्या शिक्क्यात ते परवानगीशिवाय चालत नाही. आणि गावाच्या मागच्या सभेत ते वापरलं तर चालेल का, असं विचारलं होतं कुणी? इबू सुमार्नीनं. बिचारीनं नुसतं विचारलं होतं. आता सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

टेबलाशी गृहपाठ करणाऱ्या शिवांगीनं मान वर केली. नुसती आईकडे बघत राहिली, मग ओट्यावरच्या त्या डब्याकडे, मग परत आईकडे. संजीवनीचे कान तापले. बोलावं, आत्ताच्या आत्ता बोलावं, असं तिला वाटत होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर "चहा टाकू का गं तुला?"

रात्री खोलीत तिनं दिलीपला सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून उठून बसला. "सांगून टाक की. चूक झाली, एवढंच."

"एवढंच? अहो, उद्या ब्लॉकभर होईल! संजीवनीकडे ठेवायला दिलं आणि तिनं विष कालवलं!"

"मग त्या बाईचं काय?"

"होईल काहीतरी," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. ती लाजली, चिडली, कूस बदलून पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गार्गीच्या आवडीचं भरलं वांगं केलं, म्हणजे जेवताना विषय काढता येईल. आणि जेवताना हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शिवांगीनं वांग्याला हात लावला नाही. "नॉट हंग्री," म्हणाली आणि उठून गेली. मुलीसमोर एवढं लहान व्हायची वेळ संजीवनीवर कधी आली नव्हती. रोज सकाळी तो बोरिकचा डबा ती हातानं मागे ढकलायची आणि रोज तो तिला पुढेच दिसायचा.

रविवारी गार्गीला गावाहून फोन आला. ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे वाहत होते.

"इबूनं कबूल केलं, काकू."

"काय कबूल केलं?" संजीवनीच्या हातातली पळी तशीच राहिली.

"की तिनंच फवारलं. एकानं कबूल केलं तर तेवढ्यालाच गटातून काढतात आणि बाकीच्यांचा शिक्का राहतो, असा नियम आहे. तिनं आपली कॉफी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊनही टाकली. पण काकू, तिनं नाही हो केलेलं! मी त्या बागेत तिच्याबरोबर फिरलेय. म्हणाली, 'माझ्या मागे आता खाणारं कुणी नाही. बाकीच्यांच्या घरात पोरंबाळं आहेत.'"

संजीवनीनं पळी ठेवली आणि गॅस बंद केला. न केलेल्या पापाचा धोंडा त्या बाईनं आपणहून गळ्यात बांधून घेतला होता, आणि इथे ही सवाष्ण, सुखवस्तू बाई आपली अब्रू पदराखाली झाकून वांगी भरत होती. तिला स्वतःची किळस आली. ओरडून रडावंसं वाटलं, पण रडायचाही हक्क नाही असं वाटलं.

"गार्गी," ती म्हणाली, "तो डबा आण. पांढरा. मागचा."

मग तिनं सगळं सांगितलं. गार्गी चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा हातात फिरवत ऐकलं, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं ना, काकू?"

"होतं."

दुसऱ्या दिवशी संजीवनी तिच्याबरोबर भट्टीवर गेली. परात, पावडर, हातानं चोळणं, सगळं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. भट्टीवाला आधी ऐकतच राहिला, मग त्याला हसू आवरेना. नवा नमुना मागवतो, म्हणाला. संध्याकाळी संगणकावर स्काइप लावून गार्गीनं तिला समोर बसवलं. पलीकडे डोक्याला रुमाल बांधलेली, उन्हानं रापलेली एक बाई दिसली. संजीवनीनं शिकून ठेवलेले दोन शब्द कसेबसे म्हटले, "साया सालाह." चूक माझी. पुढचं गार्गीनं सांगितलं. ती सांगत असताना संजीवनीनं मान वर केली नाही.

सुमार्नी पडद्याजवळ सरकली. मग तिनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात? रागावल्या का?"

गार्गी म्हणाली, "विचारतायत, ती पावडर तुमच्या खाण्यात तर नाही ना येत? घरात सगळे बरे आहेत ना?"

संजीवनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सुमार्नीला गटात परत घेतलं. विकलेली कॉफी मात्र विकलेलीच राहिली, तो हंगाम काही परत आला नाही. संजीवनीनं साड्या, मिठाई, काय काय पाठवायचं ठरवलं आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन परत ठेवली. शेवटी काहीच पाठवलं नाही. ब्लॉकमध्ये कुणालाही काही कळलं नव्हतं. गार्गी बोलली नाही, शिवांगीही नाही. लोक अजून कुंड्या आणतात, बरण्या आणतात. "तुमच्याकडे ठेवलं की निर्धास्त हो," असं कुणी म्हणालं की ती घाईघाईनं दुसरंच काही बोलते.

पुढच्या वर्षी गार्गी तसंच पोतं घेऊन दारात उभी राहिली. चप्पल काढता काढता सहज म्हणाली, "काकू, कुठे ठेवू?" मग तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली.

"तुझ्या खोलीत ठेव," संजीवनी म्हणाली. "कुलूप लाव. आणि किल्ली माझ्याकडे देऊ नकोस."