लंबूकाकांना शिकवलेला शब्द

लंबूकाका दारातून जाताना मान वाकवायचे, मग दार कितीही उंच असो. जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेन गावच्या नव्या हॉलच्या दरवाजातून जिराफ सहज गेला असता, तरी हे वाकणारच. एकदा मला हसू आलं, तर म्हणाले, "दारं बदलत राहतात. डोकं एकच आहे."

लंबूकाका हे नाव माझ्या मुलीने, सईने ठेवलेलं. ते मूळचे सर्बियाचे. उमेदीची वर्षं तीन देशांत बास्केटबॉल खेळण्यात गेली आणि गुडघ्याने दगा दिल्यावर ते आमच्या इथल्या एका छोट्या क्लबाचे मॅनेजर झाले. सई तिथे मुलींच्या संघात खेळायची. मी पुण्याहून आलेला, गाड्यांच्या कंपनीतला इंजिनियर. शनिवारी हौसेने क्लबाचा कम्प्युटर सांभाळायचो. कोण किती धावलं, कुणाचा पाय किती सुधारला, सगळ्या नोंदी माझ्याकडे.

आमची दोस्ती माझ्या चुकीतून झाली. पहिल्याच शनिवारी निघताना मी आपल्या सवयीने 'येतो' म्हटलं, पण जर्मनमध्ये: "इश कोमं." मी घरी जाऊन वरणभात जेवलो आणि तिकडे क्लबात लंबूकाका दोन कप कॉफी ओतून तासभर माझी वाट बघत बसले. पुढच्या शनिवारी मी खुलासा केला, तो त्यांना फारच आवडला.

"आणि खरंच जायचं असलं तर काय म्हणता?"

"तरी येतोच. 'जातो' असं आम्ही म्हणत नाही. बरं वाटत नाही ते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते सगळ्यांना, अगदी पंचांनासुद्धा, "येतो" म्हणून निघायचे.

मॅनेजर म्हणून त्यांची एक रीत होती. खेळाडू घ्यायचा असला तर ते फोनवर बोलत. काढायचा असला तर समोर बसवून, स्वतः कॉफी करून सांगत आणि त्याला स्टेशनपर्यंत पोचवून येत. "घेताना आवाज पुरतो, काढताना तोंड दाखवावं लागतं." त्यांना स्वतःला शेवटच्या क्लबाने काढलं, तेव्हा नुसती लॉकरवर चिठ्ठी चिकटवली होती. हे ते एकदाच बोलले.

त्या मोसमात त्यांनी एका जायबंदी खेळाडूला सोडायला नकार दिला. फोरश्टांडचं, म्हणजे क्लबाच्या कार्यकारिणीचं म्हणणं पडलं, की हा माणूस दयेपोटी संघ चालवतो, मॅनेजरच बदलू या. लंबूकाका मला म्हणाले, "गुरुवारी सहाला बैठक आहे. माझं ते ऐकत नाहीत. तुझ्या नोंदी तू दाखव. त्याचा पाय सुधारतोय हे तुझ्या तोंडून ऐकू देत."

कार्यकारिणीत माझ्याच कंपनीतला माझा साहेब होता, आणि माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी बॅग उचलली आणि दारातून म्हणालो, "येतो."

गुरुवारी सहा वाजता मी घरात डिशवॉशर लावत होतो. आपण फक्त निरोप घेतला होता, असं मनाला बजावत होतो. भित्र्या माणसाला आपली भाषा अशीही उपयोगी पडते.

क्लबाच्या सेक्रेटरीबाईंनी मागाहून सांगितलं, की लंबूकाकांनी आपल्या शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. "आल्झो, तर मग थोडं थांबू या, तो येतो म्हणालाय," असं ते पाऊण तास सांगत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना काढल्याचं ईमेलने कळलं. समोर बसवून कुणीच सांगितलं नाही, आणि मीही तोंड दाखवलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

सर्बियाला परतण्याआधी ते सईला आपला जुना बॉल द्यायला घरी आले. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा छान झालाय म्हणाले. मग उठले, आमच्या दारात मान वाकवली. इथे मात्र ती वाकवावीच लागायची.

"जातो," ते म्हणाले.

सई हसली. "नाइन, असं नाही, लंबूकाका," ती जर्मनमध्ये म्हणाली, "येतो म्हणायचं असतं."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि जिना उतरू लागले.