चप्पल न्हाय, पाय हाय

चपलांच्या दुकानात आली की ती आधी उजवा पाय उचलून माझ्या स्टुलावर आपटायची. ठक्क असा आवाज व्हायचा आणि बाकीची गिऱ्हाइकं दचकायची. "बघ रं बाला," ती म्हणायची, "ह्याला काय घालतोस ते सांग."

आगरदांड्याहून बोटीने कधी दिघीला गेला असाल, तर जेट्टीवर सुके बोंबील विकणारी ती उंच बाई तुम्हीही पाहिली असेल. साखरेच्या आजारात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मग एका शिबिरात हार, भाषणं आणि फोटोसकट तिला नवा पाय मिळाला. तो बुटाच्या टाचेच्या हिशोबाने बसवलेला होता, टाचेखाली तेवढी उंची नसली की माणूस मागे कलणार. जन्मभर वाळूत अनवाणी चाललेल्या बाईला, बूट घालणार आहेस का, एवढं विचारायलाही त्या फोटोवाल्यांना सवड नव्हती.

मीही काही शहाणा नव्हतो. पहिल्या दिवशी तिला सपाट स्लीपर दिली आणि वर म्हणालो, "घाला मावशी, सवय होईल." रबरी पायाला बोटांची पकड नसते, हे चपलांचा धंदा करणाऱ्याला कळायला हवं होतं. दुकानाच्या पायरीवरच ती मागे कलली आणि बोंबलांच्या पाटीसकट आडवी झाली. उठून बसल्यावर म्हणाली, "तुला झाली का रं सवय?"

मग मी तिच्यासाठी मुद्दाम सँडल बनवली. मागे पट्टा, टाचेखाली अंगठाभर जाड रबर. डाव्याला सहा नंबर लागायचा, शिबिराच्या पायाला सात. "सवती हायेत त्या दोघी," ती हसायची, "एका मापात कशा नांदतील?" ती सँडल घातली की ताठ चालायची आणि काढली की मागे पडायची. एवढं साधं होतं.

पण आपल्याकडे चपला दारात काढतात. कुणी हटकलं की ती सांगायची, "चप्पल न्हाय ही, पाय हाय माजा."

भाचीच्या हळदीला सख्ख्या भावाने तिला उंबऱ्यावर अडवलं. नवरीची एकुलती एक आत्या ती! तिने बाहेरच्या नळावर सँडलचे तळ साबणाने घासले, पदराने पुसले आणि विचारलं, "आता तरी येऊ का आत?"

"आक्के, आत देव मांडलेत. लोकं काय बोलतील?"

ती मांडवातल्या खुर्चीवर बसून राहिली. आत गाणी चालली होती आणि हळद लावायला दुसऱ्याच बाया पुढे झाल्या. मी तिथेच होतो, सरबताचा ग्लास घेऊन. टाचेचं गणित तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. भावाचा राग येतो, पण त्याहून जास्त माझाच येतो.

त्यानंतर ती कुणाच्या घरी गेली नाही. दुकानात यायची, पण पाय आपटायची नाही. हळूच ठेवायची.

यंदा होळीनंतर ती गेली. मी पोचलो तेव्हा तिच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि त्या ढिगात तिचा पाय उभा होता, सात नंबरच्या सँडलसकट. घरच्यांनी काढून तिथे ठेवला होता.

मी तो उचलला, वाळू झटकली, आत नेला आणि तिच्या उजव्या बाजूला चादरीलगत ठेवला.

उशाशी बसलेला भाऊ म्हणाला, "अरे, चप्पल..."

"चप्पल नाही ती. पाय आहे तिचा!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. त्या हळदीच्या दिवशी एवढंच बोलायचं होतं.