खडकपाखराच्या ट्रेसरबाई

ट्रेसरबाईंना कुठलीही वस्तू नुसती समोरून पाहून चालत नसे. कंपनीच्या गणपतीपुढे आम्ही हात जोडून, डोळे मिटून उभे असायचो, तेव्हा बाई मखराच्या मागे जाऊन मूर्तीची पाठ निरखत असायच्या. कुणी नवी साडी दाखवायला आली, की म्हणायच्या, "वळा बघू जरा." एकदा त्यांना बघायला एक स्थळ आलं. मुलगा देखणा, बँकेत नोकरीला, घरचे सगळे खूश. बाईंनी नकार दिला. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जाताना मागनं पाहिलं मी त्याला. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या, आणि हा आपला मोकळे हात हलवत पुढं! समोरनं काय हो, सगळेच छान दिसतात."

ही भोसरीच्या एमआयडीसीतली गोष्ट. तेव्हा तिथे एक कंपनी उभी राहायची, तर शेजारी ज्वारी उभी असायची. आमच्या कंपनीत यंत्रांचे सुटे भाग बनत. मी प्लॅनिंगमध्ये कारकून होतो आणि बाई ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने भाग काढायचा आणि बाई तो पारदर्शक कागदावर शाईने गिरवायच्या. मग त्या कागदावरून अमोनियाचा उग्र वास मारणाऱ्या प्रती निघायच्या आणि खाली शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर काम चालायचं तिथे, जायच्या. बाईंची रेघ पाहताना मला उगाचच आनंद व्हायचा. ती सुरू व्हायची तिथे सुरू व्हायची आणि संपायची तिथे संपायची, मध्ये कुठे थरथर म्हणून नाही. त्या अजून टेंपररी होत्या. चिंचवडगावात आई आणि धाकटा भाऊ, घर बाईंच्या पगारावर चाललेलं. पक्कं होण्याकडे त्यांचे डोळे लागलेले होते.

आमची ओळख झाली ती एका मासिकामुळे. त्या मासिकात एक अद्भुत कादंबरी क्रमशः येत होती. ढगांच्या वर धूमकोट नावाचा किल्ला, त्यात कोंडलेला राजा, आणि त्याला सोडवायला निघालेली त्याची लेक. तिचं वाहन म्हणजे खडकपाखरू. अख्ख्या दगडाचा पक्षी, पण उडणारा! अंक हातात पडला, की कँटीनमध्ये माझं जेवण राहायचं ताटात. एके दिवशी पाहतो तर समोरच्या टेबलावर बाईही डबा बाजूला सारून तेच पान वाचतायत. मी न राहवून विचारलं, "कड्यापर्यंत पोचलात का?" मान वर न करता बाई म्हणाल्या, "बोलू नका. ती पाखरावर बसतेय."

ती पाखरावर बसली, पाखराने कड्यावरून उडी घेतली, खाली 'क्रमशः' आलं आणि मासिक बंद पडलं. आम्ही दोघं सुतक आल्यासारखे हिंडत होतो. पुण्यात जाऊन दुकानं पालथी घातली, पण कुणाला काही माहीत नव्हतं. एक दिवस बाई माझ्या टेबलापाशी येऊन चिडून म्हणाल्या, "ती पोरगी अजून अधांतरी आहे. आपण तिला असं लटकत ठेवायचं का?" मी म्हटलं, "मग काय करायचं?" म्हणाल्या, "तुम्ही लिहा, मी काढते."

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. त्या रविवारी मी एका बैठकीत चार पानं लिहिली आणि सोमवारी बाईंना दिली. दुपारी ती परत आली. मी लिहिलं होतं, 'पाखराने आपले प्रचंड पंख पसरले.' बाई म्हणाल्या, "प्रचंड म्हणजे किती? अहो लेखक, मापं द्या, मापं. आणि दगडाचा पंख पसरतो म्हणजे कसा पसरतो? सांधा कुठाय?" मी म्हटलं, "ती जादू आहे." त्या म्हणाल्या, "जादू असली म्हणून काय झालं? जादूलासुद्धा सांधा लागतो."

तेव्हापासून आमच्यात नियम ठरला: आधी चित्र, मग गोष्ट. बाई राक्षस काढायच्या तो समोरून, बाजूने आणि वरून, यंत्राचा भाग काढावा तसा, मापांच्या बाणांसकट. पाहता पाहता मला त्यात काहीतरी दिसायचं आणि मी लिहायला धावायचो. पंखाचा सांधा मात्र काही केल्या सुटेना. बाई जेवताना, बसमध्ये, तोंड धुताना त्याचाच विचार करत होत्या. एका सकाळी गेटवर मालाचा ट्रक उभा होता. क्लीनरने मागचा फाळका बिजागऱ्यांवर धाडकन खाली सोडला आणि बाई तिथेच थबकल्या. "परत लावा! परत सोडा!" असं त्यांनी त्याच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं, की तो बिचारा घाबरला. मग त्या धावत माझ्याकडे आल्या. पदर सुटलेला, धाप लागलेली. "लेखक, उडालं! पाखरू उडालं!" सगळं ऑफिस माना वळवून आमच्याकडे पाहत होतं, पण आम्हाला कसली शुद्ध?

आमची गोष्ट सुट्या पानांवर होती. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर मजकूर, आणि सगळं बुटाच्या नाडीने बांधलेलं. ती एकच प्रत खात्याखात्यातून फिरू लागली. पेंट शॉपमधून परत आली तेव्हा तिच्यावर रंगाचे शिंतोडे होते आणि फौंड्रीतून आली ती काळी होऊन. लोक आम्हाला रस्त्यात अडवून 'पुढे काय झालं?' असा जाब विचारायचे. वेल्डिंगमधल्या एकाने स्वतः एक राक्षस काढून पाठवला आणि 'ह्याला घ्या' असा हट्ट धरला. बाईंनी त्याला कळवलं, "घेते, पण मागनं कसा दिसतो तेही पाठवा." त्याने खरंच पाठवला. शेपूट इतकी झकास होती, की मला तिच्यासाठी वेगळं प्रकरण लिहावं लागलं.

आणि मग तो घोटाळा झाला. रेघा प्रतीत कशा उमटतात ते पाहायला बाईंनी जेवणाच्या सुट्टीत पंखाच्या सांध्याच्या ड्रॉइंगची एक प्रत काढली आणि ती मशीनपाशी राहिली. शिपायाने ती बाकीच्या प्रतींबरोबर गुंडाळून खाली पॅटर्न शॉपमध्ये पोचवली. तिथे सोपानराव होते. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुरुळीहून सायकलवर यायचे, बोलायचे कमी. शॉपचा रिवाज असा, की वरून आलेल्या ड्रॉइंगवर मापं असली आणि सही असली, की काम करायचं, विचारायचं नाही. बाईंनी सवयीने कोपऱ्यातल्या चौकटीत सही ठोकली होती. सोपानरावांनी उत्तम सागवान काढलं आणि खडकपाखराचा डावा सांधा बनवून तपासणीला पाठवून दिला.

साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी आणि सोपानराव न बोलावता आत गेलो. टेबलावर तो सांधा होता आणि, देवाशपथ सांगतो, त्या क्षणी भीतीपेक्षा मला तो पाहून आनंदच जास्त झाला. आमच्या गोष्टीतली वस्तू लाकडाची होऊन समोर बसली होती!

साहेबांनी विचारलं, "हा कशाचा भाग आहे?"

"पंखाचा सांधा आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या पंखाचा?"

"खडकपाखराच्या."

साहेबांनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. मग सोपानराव पुढे झाले. "साहेब, बाईंची काय बी चूक न्हाई. माप बराबर हाय, सही बराबर हाय. म्या केलं. आन् हालतंय बी झ्याक, बगा की." साहेबांनी सांधा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. क्षणभर त्यांचाही चेहरा लहान मुलासारखा झाला होता. पण लाकडाचा आणि वेळेचा हिशेब वर गेला होता. ते म्हणाले, "बाई, तुमचं काम चांगलं आहे. असलं काही पुन्हा काढणार नाही असं कबूल करा, पक्कं करायचं मी बघतो."

"कंपनीत नाही काढणार, साहेब. घरी काढीन."

"कुठेच नाही, असं म्हणतोय मी."

"मग नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

बाईंना ब्रेक मिळाला, म्हणजे टेंपररी माणसाला घरी बसवतात तो, आणि परत बोलावणं आलंच नाही. मला कंपनीचा इतका संताप आला, की मी घरी जाऊन राजीनामा लिहायला बसलो. हे कळताच बाईंनी मला झापलं. "तुमची नोकरी घालवून माझी येणार आहे का? ते सोडा. पाखरू उडायला पाहिजे. ते उडालं नाही, तर मी नोकरी कशापायी घालवली?"

सोपानराव म्हणाले, "जत्रंत उडवू." कुरुळीची जत्रा तोंडावर आली होती. ठरलं असं: पिंपळापासून शाळेच्या गच्चीपर्यंत तार बांधायची, तिच्यावरून पाखरू सोडायचं आणि मी माइकवरून शेवटचं प्रकरण वाचायचं. दर रविवारी आम्ही सोपानरावांच्या गोठ्यापुढे जमू लागलो. हलकं लाकूड, वर सिमेंटच्या पोत्यांचा कागद. बाईंनी तो असा रंगवला, की गावातली माणसं हात लावून पाहायची दगड आहे का. आमच्या कंपनीची माणसं सायकली हाणत यायची. वेल्डिंगवाला आपली शेपूट पाखराला बसवायला हजर होताच. सोपानरावांच्या मंडळी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढायच्या आणि विचारायच्या, "पर त्या राजाला कोंडलं कुनी? ते सांगा आदी." बाई शिकवण्या घेऊन घर चालवत होत्या, पण इतक्या आनंदात मी त्यांना कंपनीत कधी पाहिलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरताना मी स्टेजवर वाचायला उभा राहिलो. मैदान खच्चून भरलेलं. सोपानरावांनी पाखरू सोडलं. तारेवरून ते सरसर निघालं, दोऱ्या ओढल्या गेल्या आणि टक्‌ करून दोन्ही पंख उघडले! मैदानातून 'हो'चा असा गलका उठला, की माझ्या अंगावर काटा आला. मी आवेशाने वाचत सुटलो. 'पाखरू धूमकोटाच्या तटावर उतरलं...' आणि बाईंची आरोळी आली, "अहो लेखक, वाचताय काय? वर बघा!"

कप्पी अडकली होती. पाखरू बरोबर मध्यावर, पंख मिटून, लोकांच्या डोक्यांवर लटकत होतं. मी नुसता पानं चाळू लागलो. बाई तरातरा वर आल्या, माझ्या हातातली पानं बाजूला ठेवली आणि माइकवर म्हणाल्या, "पाखरू थांबलंय. का थांबलं असेल?"

मग एक पैलवान ओरडला, "दमलंय ते, पानी पाजा!" सगळे हसले. वेल्डिंगवाला म्हणाला, "शेपूट जड झाली!" मग बायकांच्या बाजूने, कडेवर पोर घेतलेली एक जण म्हणाली, "पाखरावरच्या पोरीला खाली आपलं घर दिसलं आसंल."

बाईंनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "व्हय, घर दिसलंय तिला. आता तुम्हीच सांगा. माघारी आणू, का पुढं नेऊ?"

"पुढं!" आधी बायका ओरडल्या, मग पोरं, मग अख्खं मैदान. "पुढं! पुढं!" मीही ओरडत होतो, माझा घसा बसला. सोपानराव पिंपळावर चढले, तारेवर हातोडीचा एक ठोका दिला आणि पाखरू सुटलं. पंख पुन्हा टक्‌ करून उघडले आणि ते थेट शाळेच्या गच्चीवर जाऊन बसलं. पुढे माझं नाव छापून आलं, पुस्तकं निघाली. पण तसा आनंद मला पुन्हा झाला नाही, हे मी आजही सांगतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंना बडोद्याला नोकरी लागली, पक्की. चिंचवड स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो. बाईंनी पिशवीतून आमची पानं काढली, बाकावर बसून नाडी सोडली आणि चित्रं एकीकडे, मजकूर एकीकडे करू लागल्या. मी म्हटलं, "हे काय करताय?"

"चित्रं तुम्हाला, मजकूर मला," त्या म्हणाल्या. "माझं मी कपाटात टाकीन आणि तुमचं तुम्ही तेच ते वाचत बसाल. त्यापेक्षा हे बरं."

गाडी आली. बाई खिडकीशी बसल्या आणि गाडी हलायच्या आतच त्यांनी पहिलं पान काढून वाचायला घेतलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही. माणूस असा जवळ येतो आणि असा निघून जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

गाडी गेल्यावर मी बाकावर बसून चित्रं चाळली. सगळी ओळखीची होती. शेवटचं मात्र मी कधीच पाहिलं नव्हतं. पाखराच्या पाठीवरून खाली दिसणारी कुरुळी. देऊळ, पिंपळ, पालं, आणि मैदानभर वर वळलेले चेहरे. सगळ्यांची तोंडं उघडी, सगळे ओरडणारे. त्या गर्दीत माइकशेजारी हात उंचावलेला मी होतो. राजकन्येला आम्ही कसे दिसलो, ते बाईंनी काढलं होतं. या चित्राचा मजकूर अजून कुणी लिहिलेला नव्हता. मी खिशातून पेन काढलं आणि तिथेच लिहायला बसलो. माझी लोकल समोर येऊन उभी राहिली आणि निघूनही गेली, तरी मी लिहीतच होतो.