सुतळीची गाठ
परवा उमरग्याच्या दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि माझं डोकं भडकलं, स्वतःवरच. नळदुर्गात मी केबल चालवायचो तेव्हा तारा जोडणारा आमचा कारागीर याच वासात काम करायचा. केसाएवढी काचेची तार तो स्पिरिटनं पुसून जोडायचा आणि तिच्यातल्या उजेडावरून सगळे चॅनल घरोघरी पोचायचे. एकदा ऐन सामन्यात अर्ध्या गावाचे टीव्ही बंद पडले. दुकानापुढं गर्दी जमली. "चाचा, मॅच काय आता सपनात बघायची व्हय?" कुणीतरी ओरडलं. मी कारागिराकडं बोट केलं, "ह्याचा जोड कच्चा हाय!" लोकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो खांबावर चढला, तारांच्या जोडाची पेटी उघडून पाहिली आणि खाली येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "चाचा, ही तार जुन्या जाड वायरीवानी गुंडाळून सुतळीनं कुणी आवळली? काच दुमडली की हळूहळू तडकते, मग उजेड तिथंच अडतो." आदल्या दिवशी ती सुतळी मीच आवळली होती. तरी मी त्याला गर्दीदेखत कामावरून काढलं. ती सुतळी त्यानं कुणाला न दाखवता माझ्या मुठीत ठेवली आणि गेला. मूठ मी तेव्हा उघडली नाही, भित्रा साला! आज उघडतो. त्याचा जोड पक्का होता. गाठ माझी होती.