आम्ही पाहिलेले डोंगर

ब्रिस्टलच्या एका विमान कारखान्यात सुट्या भागांचे गोदाम सांभाळणारे पद्माकर सोमण म्हणजे शिस्तीचा माणूस. १९८८ साली फ्रान्सच्या ओव्हेर्न भागाची कोच टूर घेतली, तेव्हा त्यांनी छत्रीपासून चिवड्यापर्यंत यादी केली. तरी डोव्हर बंदरात, बोटीच्या तपासणी खिडकीवर, फ्रान्सचा व्हिसा नाही म्हणून त्यांचा पासपोर्ट परत आला. बायको सुप्रभा केव्हाच ब्रिटिश झाली होती. यांना मात्र भारतीय पासपोर्ट सोडवत नव्हता, आणि त्यात इंग्लंडमध्ये कायम राहण्याचा शिक्का असताना वेगळा व्हिसा कशाला, असे ते धरून चालले होते.

"तू जा. ठरलेलं मोडायचं नाही," ते म्हणाले. सुप्रभा गेली. शेजाऱ्यांना तोंड दाखवायला नको म्हणून ते सहा दिवस डोव्हरलाच खोली घेऊन राहिले.

परतल्यावर ती भरभरून बोलली. विझलेले ज्वालामुखी, त्यांवर चढलेले गवत, विवरातले निळेशार तळे, गळ्यात घंटा बांधलेल्या तांबड्या गाई. ब्रिस्टलच्या मराठी मंडळाच्या गणपतीत स्लाइड दाखवताना पद्माकरांच्या तोंडून सहज गेले, "आम्ही माथ्यावर पोचलो, तेव्हा ढग पायाखाली होते."

'आम्ही' कोणालाच खटकले नाही. सुप्रभा समईची वात सारत राहिली.

"सगळ्या फोटोंत वहिनीच," मोहन पाटणकर म्हणाले. "सोमण, तुम्ही लाजता की काय?"

"फोटो काढणारा कुठे दिसतो?"

लोक हसले.

पुढच्या वर्षी मंडळाची सहल तिथेच ठरली. पुढारी अर्थात सोमण. बैठकीत नव्याने आलेला इंजिनिअर शशी म्हणाला, "काका, माझाही इंडियन पासपोर्ट आहे. तुम्ही तसेच गेलात ना? मग मीही तसाच येतो. व्हिसासाठी लंडनला खेप नको."

"आम्ही..." पद्माकर अडखळले. पोर डोव्हरला अडकणार हे त्यांना दिसत होते. "मी गेलोच नाही, शशी. मला डोव्हरहून परत पाठवलं. व्हिसा काढ."

"मग ते ढग?" मोहननी विचारले.

"हिने पाहिले."

"म्हणजे सोमण, तुम्ही रनिंग कॉमेंट्री केलीत," मोहन म्हणाले. कोणी रागावले नाही, हे पद्माकरांना अधिकच लागले.

"अहो, बसा तुम्ही," सुप्रभा म्हणाली आणि सांगू लागली. त्या माथ्यावर ती दमून एका दगडावर बसली होती, वारा इतका की पदर आवरेना, आणि शेजारच्या फ्रेंच बाईने न बोलता तिला आपली शाल दिली होती. यातले काहीच पद्माकरांनी कधी ऐकले नव्हते. चार लोकांत ती हे आज पहिल्यांदाच सांगत होती. वर्षभर तिची सहल पद्माकरच सांगत आले होते.

बैठक संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.