व्याही सॅल्यूट करेनात

आधी माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे पुढचं वाचून हसलात तरी मला वेगळं वाटणार नाही.

लग्न होऊन अमळनेरकडून नवीनच सुरतेला आले होते. रिंग रोडच्या मार्केटात साडी घ्यायला गेलो आणि गर्दीत माझा पाय एका बाईच्या पायावर पडला. मी वाकून नमस्कार केला, "चुकलं हो काकू" म्हटलं. काकू गप्प. वाटलं, फारच रागावल्या... म्हणून परत वाकले. शेवटी दुकानदाराने ह्यांना विचारलं, "बेनने शुं थयुं?" बाईंना झालंय काय, असं. काकू म्हणजे साडी नेसवलेला प्लास्टिकचा पुतळा होता. आमचे हे अजूनही पाहुण्यांना चहाबरोबर हा किस्सा वाढतात. मी मात्र त्या दिवशी कानाला खडा लावला — बाहुलं ते बाहुलं, त्यात जीव शोधायचा नाही. भूत, भानामती, अंगात येणं... शेजारी कुणी असलं काही काढलं की मी भांडी घासायला उठायचे.

आणि आता म्हातारपणी मीच हे लिहितेय.

आम्ही सुरतेतच, कोसाडला राहतो. मी सैनिक करते. नातवंडांच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी गावाकडून आणलेले मातीचे मावळे एसटीत फुटले, ते जोडता जोडता हात बसला. आता माझ्याकडे मावळे आहेत, तोफखाना आहे, हल्लीचे जवानही आहेत. सगळे वीतभर उंचीचे. आत तारेचा सांगाडा, वर दोन भाग मिसळून करायची पुट्टी. कणकेसारखी मळायची, दोन-तीन तासांत दगड होते. पट्टे-बिल्ले जरीच्या कारखान्यातल्या कचऱ्यातून. माझ्या कपाटाला हे 'छावणी' म्हणतात, आणि ह्यांचे शर्ट छावणीबाहेर खुर्चीवर असतात. लूमवर मिस्तरी होते जन्मभर, खटखट ऐकून ऐकून कान अर्धे गेले, जीभ तेवढी शाबूत आहे.

माझी मुलगी पलसाण्याला दिलीय. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, फौजी माणसाची बायको. व्याही नोकरी संपवून परत आले, एका डाईंग मिलवर वॉचमन होते, आणि मुलांच्या लग्नाआधीच गेले. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पाहणार तरी कसं, विहीणबाई तेव्हा नदीकाठच्या खोलीत राहायच्या, तापीचं पाणी शिरलं आणि फोटो, कागद, सगळं लगदा होऊन गेलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात. गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, आणि फोटोपुढे पान वाढायचं. मागे एकदा पलसाण्याला गेले होते तेव्हा वाटाणे सोलता सोलता विहीणबाई म्हणाल्या, "सगळ्यांच्या घागरीशी फोटो असतो. माझ्या घागरीशी सुपारी."

मी पुढची शेंग उचलली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "नाक आठवतं. मिशी आठवते. जोडायला गेलं की भलताच कुणी उभा राहतो, विहीणबाई. आखाजीला पान मी नक्की कुणापुढे ठेवते, तेच कळेनासं झालंय."

"मी करून देते तुम्हाला. आखाजीच्या आत."

"तुम्ही काय ब्रह्मदेव लागून गेलात?"

"ब्रह्मदेवाला फिनिशिंग जमत नाही. तुमचं तोंडच बघा."

त्या हसल्या. हसल्या आणि पदराने डोळे पुसले. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

चेहरा जावयावरून घेतला, नाक आणि मिशी विहीणबाईंच्या सांगण्यावरून. उभे कसे राहायचे विचारलं तर म्हणाल्या, "फौजी माणूस, ताठ." मी ठरवलं — सॅल्यूट. उजवा हात कपाळाशी, तळवा सरळ, बोटं जुळलेली. युनिफॉर्म रंगवला, जरीचा बिल्ला लावला, छावणीत ठेवला.

सकाळी कपाट उघडलं तर व्याह्यांचा उजवा हात पाठीमागे. कमरेवर ठेवलेला, मूठ बंद.

मी आधी ह्यांनाच धरलं. "हात तुम्ही वाकवलात?"

"माझा गुडघा वाकत नाही, तुझा शिपाई कुठून वाकवू? ऊन बघ केवढं पडतंय, मऊ पडला असेल."

शेजारी आख्खी पलटण भाले धरून ताठ उभी होती. त्यांना ऊन लागलं नव्हतं वाटतं. मी हात ओढून पाहिला, हलेना. रंगाला तडा नाही, खांद्याशी सुरकुती नाही... जणू मी केलाच तसा. करवतीचं पातं घेतलं, हात कापला, जाडी तार घालून नवीन बसवला. वाळल्यावर चमच्याने वाजवून पाहिला. टणटण.

दुपारी हे बाकावरच्या मंडळींत गेले. मी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि आंबे आणायला गेले. परत येऊन उघडते तर — हात मागे, मूठ बंद.

भीती वाटली असेल, पण राग आधी आला. त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि सरळ बोलले, "हे बघा व्याही. आखाजी तोंडावर आलीय. तिकडे तुमची बायको वाट बघतेय. तुम्ही फौजी असाल, पण मी सुरतेत संसार केलाय. मी हटणार नाही."

दारातून ह्यांचा आवाज आला, "आता नमस्कार पण कर. दोनदा करायची तुला सवय आहे."

मी लक्ष दिलं नाही. पुन्हा पातं, पुन्हा तार, पुन्हा पुट्टी.

आखाजीच्या सकाळी सॅल्यूट जागेवर होता. ह्यांना चष्मा लावायला लावून दाखवला. "आहे ना वर?" "आहे बाई, आहे." मग स्टीलच्या डब्यात कापूस ठासून व्याह्यांना आडवे ठेवले, झाकण लावलं, वरून नाडी बांधली. रिक्षा बदलत बदलत पलसाण्यापर्यंत डबा माझ्या मांडीवर. कुणाचा हात लागला नाही, ह्यांचाही नाही.

घागर भरून तयार होती. विहीणबाई पाटासमोर बसलेल्या, शेजारी ती सुपारी. मी नाडी सोडली, झाकण काढलं.

कापसात वर आलेल्या कोपराचा खळगा जसाच्या तसा होता. त्यात कोपर नव्हतं. हात पाठीमागे होता.

मी पिशवीतून पातं आणि पुट्टी बाहेर काढली. घेऊनच आले होते, हरायला थोडीच निघाले होते. "विहीणबाई, पान वाढायला थोडा उशीर करा. मी आत्ता नवीन हात बसवते."

त्यांनी माझ्या हातातलं पातं काढून बाजूला ठेवलं.

यावर आमचे जावई, डाईंगमध्ये केमिकल सांभाळतात, म्हणतात की पुट्टीचं मिश्रण चुकलं. मग बाकीची पलटण कशी नाही वाकली, आणि सरळ बोटांची मूठ कशी झाली, असं विचारलं की चहा मागतात. मी नंतर मुद्दाम तसेच सॅल्यूटचे हात करून पाहिले, त्याच पुट्टीचे, त्याच उन्हात. एकही हलला नाही. माझ्याकडे कारण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, पण 'आजी, तुम्ही विसरला असाल' हे सोडून. ते ह्यांचं बोलून झालंय.

तर त्या दिवशी विहीणबाईंनी पातं बाजूला ठेवलं आणि पुतळा उचलला. चेहऱ्यावरून त्यांची नजर नुसती फिरली. मग तो उलटा केला, पाठ स्वतःकडे, आणि त्या बंद मुठीवर अंगठा ठेवला. त्यानंतर जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते.

"चेहरा चुकला तुमचा. हात बरोबर आहे. सुट्टीवर आले की सासूबाई पुढे बसलेल्या, हे त्यांच्याशी बोलत असे उभे, आणि मी मागे दाराआड, डोक्यावर पदर. मान वर करायची सोय नव्हती, मला दिसायची ती पाठच. मुठीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी त्या काढून घ्यायचे. हे मी पोरालासुद्धा कधी सांगितलं नाही. विहीणबाई, आता जरासं तिकडे तोंड करा."