‘कम्पॅशनेट ग्राउंड्स’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. बी.कॉम. झालेला मी एकटाच ना! बँकेचं पत्र असो, विम्याचा कागद असो — मी वाचायचो, अर्थ सांगायचो. थोडा मिरवायचोही.

माझा थोरला भाऊ, दादा, मोहोपाड्याच्या एका कारखान्यात पर्मनंट होता. मीही तिथेच, पण ठेकेदाराकडे. गेट एकच, कार्डाचा रंग वेगळा. किती वर्षं ते कार्ड गळ्यात वागवलं! दादाचा हेवा वाटायचा का? वाटायचा. पण भाऊ होता, म्हणून गिळायचो.

तो काविळीनं गेला. दोन महिन्यांनी कारखान्याचं पत्र आलं. सुमनवहिनी ते घेऊन माझ्याकडे आली. पत्रात होतं — पत्नीला ‘ऑन कम्पॅशनेट ग्राउंड्स’ नोकरी देता येईल, सहा महिन्यांत अर्ज करावा. म्हणजे अनुकंपा तत्त्वावर. कमावता माणूस गेला, तर त्याच्या घरातल्या एकाला काम. मला अर्थ कळत नव्हता का? असे दोन अर्ज मीच लोकांना लिहून दिले होते.

वहिनीनं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. “भावजी, हितं काय लिवलंय?”

आणि मला दिसलं — ती पर्मनंटचं कार्ड घालून आत चाललीय, मी बाजूच्या रांगेत उभा आहे. दहावीसुद्धा न झालेली बाई.

“साहेबांना फार वाईट वाटलंय, असं लिहिलंय,” मी म्हणालो.

“येवढी मोठी मान्सं, पन आठवन ठिवली बगा,” ती म्हणाली. डोळे पुसत तिनं पत्राची घडी घातली.

सहा महिने होते माझ्याकडे. रोज वाटायचं, आज सांगू — घाईत चुकीचं वाचलं म्हणू. दादाच्या एका सोबत्यानं विचारलंही, तर त्याला म्हणालो, अर्जाचं मी बघतोय. मुदत संपली त्या दिवशी मला काय वाटलं? हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण तसंच वाटलं.

वहिनी कर्जतकडच्या फार्महाऊसवर भांडी घासायला जाऊ लागली. पुतणी हुशार होती हो. दहावीनंतर तीही आईबरोबर जायला लागली. मी रोज त्यांना टेंपोत चढताना बघतो.

मागच्या वर्षी मी पर्मनंट झालो. घरात ओवाळणं झालं. वहिनी पुढे आली नाही, दाराशी उभी राहिली. सगळे पांगल्यावर जवळ आली. पदराच्या गाठीतून एक पेढा काढला.

“त्यांची जागा घरातच ऱ्हायली, भावजी. लई बरं झालं.”

तिनं पेढा माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड उघडलं — आणि तो खाल्ला.